नवीन टाकी, बोअरचं पाणी आणि मे महिना: मासे कधी सोडायचे?

स्वाती_जुळेसोलापूर

नमस्कार मंडळी. आमच्या घरी पहिल्यांदाच फिशटँक आलाय. दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. भावजींनी मुलाला वाढदिवसाला दिला. खाली लोखंडी स्टँड आहे, सोबत एक छोटा एअर पंप आणि स्पंजचा फिल्टर मिळालाय.

दुकानदारानं सांगितलं, पाणी भरा, हे निळं औषध दहा थेंब टाका, मूठभर खडेमीठ टाका आणि संध्याकाळी मासे घेऊन जा. पोरानं तर यादीच केलीय: दहा निऑन टेट्रा, दोन एंजल, एक गोल्डफिश आणि "काच साफ करणारा काळा मासा". मीच म्हटलं, जरा थांब. आमच्या गल्लीत दोन घरी असेच मासे आणले होते आणि आठवड्याच्या आत सगळे गेले. दोन्ही घरी दुकानदारानं "पाणी सूट झालं नाही" एवढंच सांगितलं.

आता अडचणी. नळाला पाणी चार दिवसांआड येतं, ते आम्ही हौदात साठवतो. बाकी सगळा कारभार बोअरवर. आरओवाल्यानं मीटर लावून बोअरचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, ९४० दाखवला. टाकीत कुठलं पाणी घालू? हीटर घ्यायचा का? मे महिन्यात सोलापुरात हीटर हा शब्द काढला की आमचे हे हसायलेत. आणि गच्चीवरच्या शहाबादी फरशीचे तुकडे पडून आहेत, त्याची गुहा केली तर चालेल का?

सगळ्यात महत्त्वाचं: मासे लगेच सोडले तर नेमकं बिघडतं काय? कारण कळलं तर पोराला समजावता येईल. नुसतं "थांब" म्हटलं तर तो ऐकत नाही.

विजापूररोड_७

ताई, एवढं डोकं लावायची गरज नाही. पाणी भरा, एक रात्र पंप चालू ठेवा, दुसऱ्या दिवशी मासे सोडा. मी तसंच केलं. काही गेले, काही राहिले. जे राहिले ते आजही मजेत आहेत.

रंगखाना_मास्तर

विजापूररोडवाले, "काही गेले" हे तुम्ही फार पटकन सांगून मोकळे झालात की.

स्वातीताई, मी पूर्व भागात टॉवेलच्या रंगखान्यात डाइंग मास्टर आहे. दिवसभर पाण्याशीच मारामारी, म्हणून तुमच्या पाण्याबद्दल थोडं हक्कानं बोलतो. मासे घरी बरेच वर्षांपासून आहेत.

आधी तुमचा शेवटचा प्रश्न. मासा खातो, कल्ल्यातून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतो. नदीत तो वाहून जातो, पातळ होतो. टाकीत जाणार कुठं? जुन्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर, काचेवर जिवाणू बसलेले असतात. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिले दोन्ही माशांना विष, तिसरं बऱ्यापैकी निरुपद्रवी आणि पाणी बदललं की निघून जातं. नव्या टाकीत हे जिवाणू नसतात. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं आणि मासा त्यात स्वतःच्याच मुताडात घुसमटतो. पोराला हे असंच सांगा, त्याला लगेच पटेल.

आता ह्यात सोलापूरची खास गोम आहे आणि ती पुण्या-मुंबईचे व्हिडिओ बघून कळत नाही. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, एक बऱ्यापैकी सौम्य आणि एक जहाल. पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) ७ वरून ८ वर गेला की जहाल भाग साधारण दहापट होतो. पाणी तापलं की तो आणखी वाढतो. आपलं बोअरचं पाणी काळ्या पाषाणातून येतं, कडक असतं (म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त), पीएच बहुतेक आठच्या आसपास. वर मे महिना. म्हणजे जेवढ्या अमोनियात मऊ पाण्यातला मासा नुसता सुस्त पडेल, तेवढ्यात आपल्याकडचा उलटा होतो. तुमच्या गल्लीत पाणी "सूट" न व्हायचं कारण हे असण्याची दाट शक्यता आहे.

म्हणून आधी जिवाणू, मग मासे. पद्धत सांगतो.

टाकीचं माप २४ बाय १२ बाय १५ इंच, म्हणजे काठोकाठ सत्तर लिटर. खडे घालून, वर दोन बोटं जागा सोडून खरं पाणी साठ लिटरच्या आत-बाहेर बसेल. सगळं मिळून वजन नव्वद किलोच्या पुढं जातं, तेव्हा स्टँड हलतो का, जमीन सपाट आहे का, हे रिकाम्या टाकीतच बघा. काचेखाली थर्माकोलचा पत्रा हवाच. टाकी आधी मोरीत किंवा अंगणात सपाट जागी भरून एक दिवस ठेवा, सांध्यातून पाझरते का ते कळेल. भरलेली टाकी उचलायची नाही, कितीही माणसं असली तरी.

खडे नदीचे घ्या आणि पाणी गढूळ यायचं थांबेपर्यंत धुवा. साबण नाही. आणि शहाबादी फरशी टाकीत घालू नका. ती चुनखडीच आहे, हळूहळू विरघळून पाणी आणखी कडक करते. खात्री करायची तर तुकड्यावर व्हिनेगर टाका, बुडबुडे उठतील. संगमरवराचे पांढरे खडे आणि शंख-शिंपले ह्यांचंही तेच. आपल्या भागातला काळा बसाल्ट उत्तम, व्हिनेगर टाकलं तरी ढिम्म.

पाणी भरा, स्पंज फिल्टर सुरू करा आणि तो बंद करायचा नाही. रात्रीसुद्धा नाही. आता जिवाणूंना जेवायला अमोनिया लागणार आणि मासे तर नाहीत. तो आपण घालायचा: अमोनियम क्लोराइड, म्हणजे नवसागर. कल्हईवाला वापरतो तोच पदार्थ, पण कल्हईचा ढेपेतला नवसागर घेऊ नका, त्यात काय काय मिसळलेलं असतं. केमिकलच्या दुकानात प्रयोगशाळेतला शुद्ध मिळतो, छोटी बाटली पुरते. १० ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवून ठेवा, बाटलीवर मोठ्या अक्षरात नाव लिहा आणि पोराच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. त्यातलं ३८ मिली तुमच्या साठ लिटरमध्ये टाकलं की अमोनिया साधारण २ पीपीएम, म्हणजे लिटरमागं २ मिलिग्रॅम होतो. औषधाच्या सिरिंजनं मोजा.

मग थेंबवाला टेस्ट किट घ्या, अमोनिया आणि नायट्राइट दोन्हींचा. पट्टीवाला नको. अमोनिया उतरत अर्ध्या पीपीएमच्या खाली आला की पुन्हा डोस. अधीर होऊन दुप्पट-तिप्पट टाकलात तर जिवाणूच मंदावतात. आधी अमोनिया खाली येईल आणि नायट्राइट चढेल. ह्या टप्प्याला फार कंटाळा येतो, कारण नायट्राइट बरेच दिवस हलतच नाही. मग एके दिवशी अचानक कोसळतं. संध्याकाळी २ पीपीएम टाकलं आणि दुसऱ्या संध्याकाळी अमोनिया शून्य, नायट्राइटही शून्य, असं लागोपाठ दोनदा झालं की टाकी तयार. सर्वसाधारणपणे चार ते सहा आठवडे. उन्हाळ्याचा एक फायदा म्हणजे २८-३० अंशाला हे जिवाणू जोमानं वाढतात.

लवकर हवं असेल तर ओळखीतल्या कुणाच्या जुन्या, निरोगी टाकीतला स्पंज मागा. हे विरजणच. त्याच टाकीच्या पाण्यात बुडवून, पिशवीतून, संध्याकाळी आणा. दुपारच्या उन्हात स्कूटरच्या डिकीत ठेवून आणलात तर नुसता स्पंज मिळेल.

ते निळं औषध बहुतेक मिथिलीन ब्लू. बुरशीवर, अंड्यांवर वापरतात, वेगळ्या भांड्यात. नव्या टाकीत टाकलं तर जे जिवाणू जमवायचेत त्यांनाच मारतं, वर काचेचा सिलिकॉन कायमचा निळा. कपाटात ठेवून द्या. मिठाचीही गरज नाही, आपल्या बोअरमध्ये क्षार काय कमी आहेत?

स्वाती_जुळेसोलापूर

मास्तर, मनापासून आभार. पोराला "स्वतःच्याच मुताडात" एवढंच वाचून दाखवलं, तो अर्धा तास हसत होता आणि थांबायला तयार झाला. आता टेस्ट किटची वही तोच लिहिणार म्हणे. सासूबाई मात्र विचारतायत, मासेच नाहीत तर रोज पाणी कसलं तपासायचं.

हौद की बोअर, हे राहिलं. आणि आमच्या घरी सॉफ्टनरही आहे, सोलरच्या गीझरसाठी बसवलाय. त्याचं पाणी वापरलं तर कडकपणा जाईल ना? मग निऑन जमतील?

बार्शीची_बाग

मास्तर पाण्याचं सांगतीलच, मी झाडांचं बोलते. टाकी तयार होईपर्यंत रिकामी ठेवू नका, आत्ताच झाडं लावा. वॅलिस्नेरिया म्हणजे लांब गवतासारखी पात, ती कडक पाण्यात झकास वाढते. हॉर्नवर्ट नुसतं तरंगत सोडलं तरी चालतं. जावा फर्न आणि अनुबियास दगडाला दोऱ्यानं बांधायचे, त्यांचा खोडासारखा कंद खड्यात पुरला तर कुजतो. अमोनिया-नायट्रेट झाडंही खातात. मनी प्लँटची फांदी टाकीच्या काठावरून मुळं पाण्यात सोडून लावा, पानं बाहेर. नायट्रेटसाठी त्याच्याइतका स्वस्त उपाय मला माहीत नाही.

झाडं आणल्यावर साध्या पाण्यात एक-दोन दिवस बादलीत ठेवून बघा, गोगलगाईची अंडी पानाखाली चिकटलेली असतात.

रंगखाना_मास्तर

बार्शीच्या ताईंशी सहमत. मनी प्लँट आमच्याही टाकीवर आहे.

सॉफ्टनरचं पाणी टाकीत नको. रंगखान्यात आम्ही तेच वापरतो, कारण कॅल्शियम असलं की रंग सारखा बसत नाही, टॉवेलवर डाग येतात. पण सॉफ्टनर क्षार काढून टाकत नाही, कॅल्शियम-मॅग्नेशियम घेतो आणि त्या जागी सोडियम देतो. टीडीएस मीटर लावून बघा, आकडा जवळपास तेवढाच राहील. म्हणजे मऊ पाण्याच्या माशाला त्याचा फायदा नाही आणि कडक पाण्याच्या माशाला जे कॅल्शियम हवं तेही गेलं.

हौदाचं पाणी चांगलं. नळाला येतं तेव्हा त्यात क्लोरीन असतं, ते माशांच्या कल्ल्यांना आणि आपल्या जिवाणूंना दोघांनाही मारतं. चार दिवसांआड पाणी येण्याला आपण सगळेच शिव्या देतो, पण उघड्या हौदात दोन-तीन दिवस राहिलेल्या पाण्यातलं मोकळं क्लोरीन उडून गेलेलं असतं. पाणी आल्या दिवशीचं ताजं वापरायचं असेल तर हायपो टाका. दुकानात अँटिक्लोरीन म्हणून जे निळ्या-पिवळ्या बाटलीत मिळतं ते बहुतेक तेच, सोडियम थायोसल्फेट. ब्लिचिंगनंतर कापडातलं क्लोरीन मारायला आम्हीही तेच वापरतो. आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली कधीच धुवायचा नाही. टाकीतलंच पाणी बादलीत काढून त्यात पिळायचा. चकचकीत धुतलेला स्पंज म्हणजे पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात.

एक गोष्ट विचारून घ्या: डेंग्यूच्या तपासणीला आलेल्यांनी हौदात अबेट टाकलंय का? ते अळ्या मारायचं औषध आहे. टाकलं असेल तर ते पाणी टाकीत नको. पुढं कोळंबी पाळायचा विचार असेल तर अजिबात नको.

बोअर आणि हौदाचं पाणी अर्धं-अर्धं केलंत तरी चालेल. मात्र जे मिश्रण ठरवाल तेच कायम ठेवा, दर वेळी वेगळं नको.

आता निऑन. ते ॲमेझॉनच्या खोऱ्यातले, मऊ, आंबट पाण्यातले, २२ ते २६ अंशाचे. तुमच्या घरी पाणी कडक आणि मेमध्ये टाकी ३२-३३ला जाणार. दुकानात दहा घेतले तर दिसायला सुंदर दिसतील, पण त्यांना सांभाळायला तुम्हाला वर्षभर पाण्याशी भांडावं लागेल. मी रंगखान्यात ते पगारासाठी करतो, घरी नाही करत. गप्पी, मोली, प्लॅटी ही मंडळी कडक पाण्यातच खुश असतात, मोलीला तर कडक पाणी हवंच असतं. गप्पी तर आपल्याकडं डासांच्या अळ्यांसाठी सरकारच हौदात, विहिरीत सोडतं. फक्त नरच घ्या. माद्या आणल्या तर दिवाळीपर्यंत नातेवाइकांना पिल्लं वाटत फिराल.

मुलाला झुंडीत पळणारे मासे हवे असतील तर झेब्रा डॅनियो बघा. मूळचा आपल्याच देशातला, ओढ्या-शेतांमधला मासा आहे, चिवट. सहा-सात एकत्र ठेवा. मोठा एखादाच मासा हवा असेल तर निळा गुरामी. तो पृष्ठभागावर येऊन हवा घेऊ शकतो, उन्हाळ्यात ते कामाला येतं.

गोल्डफिश थंड पाण्याचा आणि घाणही भरपूर करतो, ह्या टाकीत नको. एंजल वाढला की निऑनएवढं तोंडात मावेल ते गिळतो. तो काळा काच साफ करणारा दीड फुटापर्यंत वाढतो आणि मग लोक त्याला कंबर तलावात नेऊन सोडतात. कृपा करून तेवढं कुणी करू नका. उजनी धरणात चिलापी, म्हणजे बाहेरून आलेला तिलापिया मासा, किती झालीय ते जाळं टाकणाऱ्यांना विचारा.

सातरस्ता_एक्वा

एवढ्या भानगडीपेक्षा सरळ आरओचं पाणी भरावं. शून्य कटकट. टीडीएस ४०-५०, मग कुठलेही मासे ठेवा.

रंगखाना_मास्तर

नुसत्या आरओवर टाकी चालवू नका. त्यात क्षारच नसल्यानं पीएच धरून ठेवायला काही राहत नाही. जिवाणू काम करतात तेव्हा आम्ल तयार होतं, ते पाण्यातली अल्कली खातं. कडक पाण्यात ती भरपूर असते. आरओमध्ये ती संपली की पीएच घसरतो आणि जिवाणू थंडावतात. बोअरमध्ये आरओ मिसळून टीडीएस उतरवणं वेगळं, ते मी मान्य करतो. पण नुसतं आरओ म्हणजे आधी क्षार काढायचे आणि मग दुकानातून पुडीनं विकत घेऊन परत घालायचे.

आरओचा खरा उपयोग दुसरीकडं आहे आणि स्वातीताईंना तो ह्याच महिन्यात लागेल.

उन्हाळ्यात टाकी थंड ठेवायची तर झाकण काढून जाळी ठेवा आणि एक छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लावा. आपली हवा कोरडी, त्यामुळं बाष्पीभवन जोरात होतं आणि पाणी दोन-तीन अंश सहज उतरतं. कोकणातल्या माणसाला हा फायदा नाही. पण पाणी उडतं, क्षार मागे राहतात. पंखा चालू असला की दिवसाला लिटर-दीड लिटर जातं. महिनाभर ती तूट ९४० टीडीएसच्या बोअरनं भरत राहिलात तर टाकीचं पाणी पंधराशेच्या वर गेलेलं असेल आणि वरून काहीच कळणार नाही. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचं घाला, कारण त्यात क्षार नाहीत. पाणी बदलताना मात्र नेहमीचं मिश्रण. टाकीच्या काचेवर पातळीची एक खूण मार्करनं करून ठेवा, तूट तिथपर्यंत भरायची.

बर्फ थेट टाकू नका. फारच तापलं तर गोठवलेली बाटली, झाकण घट्ट लावून, थोडा वेळ तरंगत ठेवा. तापमान एकदम खाली आणायचं नाही.

हवेचा पंप उन्हाळ्यात जास्त महत्त्वाचा. २५ अंशाला एका लिटरात ऑक्सिजन सव्वाआठ मिलिग्रॅम मावतो, ३५ला सातच्या आसपास, आणि नेमकं त्याच वेळी माशाला जास्त लागतो. दुपारी लाइट गेली की मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतात. बॅटरीवर चालणारा एअर पंप घेऊन ठेवा, फार महाग नसतो. फिल्टरचे जिवाणूही ऑक्सिजनवरच जगतात.

हीटरवरून हसणाऱ्या साहेबांना सांगा, आत्ता नको, पण गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, म्हणजे जानेवारीत, पहाटे पारा पंधराच्या खाली उतरला की लागेल. ५० ते ७५ वॉटचा पुरे. दिवसा २७, पहाटे १९ अशी उडी मारली की माशांवर पांढरे ठिपके येतात.

स्वाती_जुळेसोलापूर

हौदात अबेट नाही, विचारून घेतलं. टाकी अंगणात भरून ठेवलीय, पाझरत नाही. व्हिनेगर शहाबादीवर टाकलं तर खरंच फसफसलं. पोरानं मग घरातल्या प्रत्येक दगडावर टाकून बघितलं, देव्हाऱ्यासमोरच्या संगमरवरावर टाकायच्या आत पकडला.

यादी आता अशी झालीय: सहा झेब्रा डॅनियो, चार नर गप्पी, एक निळा गुरामी. टाकी तयार झाली की सगळे एकदम आणू का? आणि पाणी पांढुरकं, दुधाळ झालं तर ओतून द्यायचं का, असं शेजारीण म्हणते.

रंगखाना_मास्तर

दुधाळ झालं तरी ओतू नका. तो वेगळ्या जिवाणूंचा तात्पुरता लोंढा असतो, काही दिवसांत आपोआप निवळतो. ओतलं की पुन्हा येतो.

टाकी तयार झाली की मासे आणायच्या आदल्या दिवशी सत्तर टक्के पाणी बदला, कारण तोवर नायट्रेट भरपूर साठलेलं असेल. आधी डॅनियो आणा. दोन आठवडे अमोनिया-नायट्राइट शून्यावर राहिले तर गप्पी. गुरामी शेवटी, म्हणजे तो आल्यावर टाकी आपलीच आहे असं समजत नाही. मासे आणायचा दिवस लांबला तर अधूनमधून नवसागराचा छोटा डोस चालू ठेवा, नाहीतर जिवाणू उपाशी.

दुकानात संध्याकाळी जा. पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा, मग थोडं थोडं टाकीचं पाणी पिशवीत घाला, अर्ध्या तासानं जाळीनं मासे उचलून टाकीत सोडा. पिशवीतलं पाणी मोरीत. त्या रात्री लाइट बंद आणि खायला काही द्यायचं नाही. दुसऱ्या दिवसापासून दोन मिनिटांत संपेल एवढंच. हे काम पोराकडं देणार असाल तर डबा मात्र तुमच्याकडं ठेवा.